वाटेवरचे लाल ठिपके

लितोहोरो, ८ मे १९७३

चि. एफ्थालिया हिस आईचे अनेक आशीर्वाद.

ख्रिस्त उठला आहे, पोरी.

तू पाठवलेलं पार्सल शनिवारी पोचलं, माझ्या नावाच्या सणाच्या बरोबर आदल्या दिवशी. आतून निघालं ते असं: कॉफीचा डबा एक (टोपण चेपलंय, कॉफी शाबूत), करड्या लोकरीचे गुंडे चार, चॉकलेटच्या वड्या दोन, पायमोज्यांचे जोड दोन, तुझा फोटो एक. जकातीचे अडतीस द्राख्मा भरले. पोस्टातला नवा कारकून म्हणतो, "आजी, कॉफी इथंही मिळते की!" म्हटलं, मिळते, पण ती माझ्या मुलीनं पाठवलेली नसते. त्याचं 'आजी' मात्र मनाला लागलं. अठ्ठेचाळीस हे काय आजीचं वय झालं? पुढच्या वेळी काही पाठवू नकोस. जकातीच्या पैशांत आमचा आठवड्याचा पाव होतो. नुसतं पत्र पाठव, त्याला जकात नाही.

फोटोत तू चष्मा लावलायस. आपल्या घराण्यात कोणाला चष्मा नाही. रेडिओच्या कारखान्यात त्या बारीक तारा जोडून डोळे बिघडले असणार. गाजर खा. फोटो मी पवित्र मातेच्या तसबिरीमागे ठेवलाय. लपवला असं समजू नकोस. तिथं रोज दिवा लागतो, म्हणून ठेवला.

तुझे बाबा ठीक आहेत. बर्फ बीच झाडांच्या रानाच्या वर सरकलं, वरच्या निवाऱ्यापर्यंतची वाट उघडली. दोनदा सामान पोचवून आले: तेल, वाल, रॉकेल, गाद्यांच्या खोळी. पूर्वी मारिगोच्या पुढं चालायचे आणि मागं वळून वळून तिला शिव्या घालायचे. आता तिला पुढं सोडतात आणि शेपूट धरून मागून चढतात. म्हटलं, झीसी, म्हातारा झालास का? तर म्हणाले, "तीस वर्षं मी खेचराला वाट दाखवली, आता खेचरानं मला दाखवावी."

गिर्यारोहण मंडळानं यंदाचा लाल रंग दिलाय. नेहमीप्रमाणं बाबाच वाटेच्या खुणा रंगवताहेत. पण ठिपके केलेत बशीएवढे! गावात थट्टा चाललीये. शेजारची सुल्ताना म्हणाली, "झीसिसभाऊ, हे ठिपके माणसांसाठी की विमानांसाठी?" बाबा म्हणाले, "यंदा आंधळेही ऑलिंपस चढायला येणार आहेत म्हणे." सगळे हसले. मीही हसले.

आता मुद्द्याचं लिहिते. वीस जुलैला संत एलियासांचा सण. गाव नेहमीसारखं वरच्या देवळात जाणार. तू ये. तीन वर्षं झाली. बाबांनी वाण्याच्या घरी शब्द दिला होता, तू अंगठी परत केलीस आणि त्या जर्मन फोल्करबरोबर म्युनिकला निघून गेलीस, ते सगळं मी पुन्हा उगाळत नाही. तुझं नाव या घरात मोठ्यानं घेतलं जात नाही, 'तिकडची' म्हणतात. 'तिकडची'चं पत्र आलं का, असंही बाबा कधी विचारत नाहीत. पण पोस्टमन येऊन गेला की त्या दिवशी मारिगोचा खरारा जरा जास्त वेळ चालतो. बाबांचं काय ते मी बघते. तू रजा माग.

तुझी आई,
थोमाई


लितोहोरो, ८ जून १९७३

चि. एफ्थालिया हिस आशीर्वाद.

आज घाईनं लिहितेय, अक्षर सांभाळून घे. बातमी चांगली आहे.

काल प्रभूच्या स्वर्गारोहणाचा दिवस. सुल्ताना आणि मी एनिपेअस नदीच्या घळीतून संत दिओनिसिओसांच्या गुहेत मेणबत्ती लावायला गेलो. यंदा पाणी इतकं आहे की लाकडी पुलांवर उभं राहिलं तरी परकर भिजतो. कड्यांच्या फटींत ती जांभळी फुलं आलीत, तू लहानपणी तोडून आणायचीस आणि बाबा ओरडायचे, की एवढ्याशा फटीत जगायला त्यांना किती वर्षं लागतात, तुला तोडायला किती लागतात? वाटेच्या कडेला रानस्ट्रॉबेरी पिकल्यात. पिवळ्या ठिपक्यांचा सरडा, तो ओल्या जागी राहणारा, अगदी पायाशी आला. सुल्तानानं त्याला क्रूस करून नमस्कार केला.

खाली पाणचक्क्यांपाशी बाबा मारिगोवर सामान बांधत होते. परदेशी पोरांचा एक घोळका आला, पाठीवर त्यांच्याहून मोठी बोचकी. त्यातला एक हातवारे करून विचारतो, झेउसचं घर कुठं? बाबा म्हणाले, "झेउस? तो जर्मनीला गेला, कारखान्यात. इथली सगळी गेली तसा." पोरांना काही कळलं नाही, ती हसली. बाबा मात्र हसले नाहीत. दोर आवळत राहिले.

आता ऐक. गुहेतल्या तसबिरीखाली जिथं नवसाचे पत्रे टांगतात ना, पाय दुखला तर पाय, छाती दुखली तर काळीज, तिथं डोळ्यांची एक नवी जोडी लटकत होती. कोरा चकचकीत पत्रा. आणि तो कशानं बांधला होता सांगू? खोगिराच्या सुतळीनं, बाबांची ती गाठ घालून, दुहेरी फेरा आणि टोक आत. ती गाठ अख्ख्या लितोहोरोत बाबा सोडून कोणाला येत नाही. एक तुला येते.

पोरी, बाबांनी तुझा फोटो पाहिलाय! मी नसताना तसबिरीमागून काढून पाहिला असणार. चष्मा पाहिला आणि काही न बोलता जाऊन तुझ्या डोळ्यांसाठी नवस बोलून आले. तीन वर्षं तोंडानं नाव घेतलं नाही ते याच माणसानं. मी तिथंच गुडघे टेकले. सुल्ताना म्हणते, "ऊठ गं, ओल आहे. सांधे धरतील, मग इथं तुझा पाय टांगावा लागेल."

घरी आल्यावर काही बोलले नाही. बोललं तर गोगलगायीसारखे आत जातील. फक्त पालक आणि चीज घालून त्यांच्या आवडीची पाई भाजली. म्हणाले, "आज काय आहे?" म्हटलं, स्वर्गारोहण. "ते तर दरवर्षी येतं. पाई कुठं येते?"

दोन तुकडे जास्त खाल्ले.

आता तरी रजा माग. एलियास यंदा शुक्रवारी येतोय, म्हणजे उपासाचं जेवण, पण त्याला इलाज नाही.

तुझी आई


लितोहोरो, २१ जून १९७३

चि. एफ्थालिया हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं. कारखान्याच्या जेवणघरात माझं पत्र वाचून तू रडलीस, शेजारच्या तुर्की बाईनं तुला पाणी दिलं, मुकादमानं पंधरा जुलैपासून रजा द्यायचं कबूल केलं, हे सगळं वाचलं. फोल्कर म्हणाला 'आता मीही येतो', तेही वाचलं. आनंद झाला. मग भीती वाटली. कारण तू ज्याच्यासाठी रडलीस ते खरं नव्हतं. मला आठ दिवसांपूर्वी ते माहीत नव्हतं, आता माहीत आहे, आणि माहीत असून गप्प बसले तर पवित्र मातेसमोर दिवा कोणत्या तोंडानं लावू?

झालं असं. सोमवारी पवित्र आत्म्याच्या सुट्टीला डोंगरावर गर्दी होती. थेस्सालोनीकीची दोन कॉलेजची मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, प्रिओनियाच्या झऱ्यावरून वर निघाली. बीचचं रान संपून पाइन सुरू होतात तिथं वाट फुटते. एक निवाऱ्याकडे, दुसरी नुसती पाण्याची चर, पुढं कडा. ती मुलं लाल ठिपका बघून चरीत उतरली. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा निवाऱ्याच्या मालकानं त्यांच्या हाका ऐकल्या. मुलीचा घोटा सुजला होता. बाकी देवाची कृपा, काही झालं नाही. तिथल्या बर्फात पाय गेला असता तर आज मी हे पत्र लिहिलं नसतं.

निवाऱ्याचा मालक भला माणूस. गावात कोणाशी न बोलता सरळ आपल्या अंगणात आला. म्हणाला, "झीसिसकाका, फाट्यावरचा ठिपका डावीकडच्या दगडावर आहे."

बाबा म्हणाले, "डावीकडचा मी रंगवत नाही."

"आहे, काका."

"तुझ्या जन्माआधीपासून मी उजवीकडचा रंगवतो."

तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. बाबांनी मारिगोला बाहेर काढलं आणि वर गेले. परत आले ते घरात आलेच नाहीत, गोठ्यात बसले. मी गेले तर त्यांच्या बोटांना लाल रंगाची पूड लागलेली. ठिपका नखांनी खरवडून पाहिला होता.

म्हणाले, "आकार दिसतो, थोमाई. दगड दिसत नाही. मला तो उजवीकडचाच वाटला."

तेव्हा मला ते बशीएवढे ठिपके आठवले, मारिगोचं शेपूट आठवलं, आणि आंधळे चढायला येणार म्हणाले त्याच्यावर मी किती हसले ते आठवलं. तरी डोकं माझं तिथंच अडलेलं. म्हटलं, "मग तो नवस? तो तू एफ्थालियाच्या डोळ्यांसाठी बोललास ना?"

"कसला नवस?"

"गुहेतला. मी तुझी गाठ ओळखली."

"तो माझा होता." मारिगो चघळत होती तेवढाच आवाज. मग म्हणाले, "तिच्या डोळ्यांना काय झालं?"

तीन वर्षांत तुझ्याबद्दलचा पहिला प्रश्न, पोरी. मी सांगितलं, चष्मा लागलाय.

"कधीपासून?"

"मला काय माहीत? फोटोत आहे."

"कुठला फोटो?"

म्हणजे त्यांनी फोटो पाहिलाच नव्हता. मी आणून हातात दिला. दाराशी उजेडात गेले, नाकाला लागेल इतका जवळ धरला, तिरका केला, उलटा केला. मग म्हणाले, "हा चष्मा आहे की भुवया?" मला हसू आलं आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. त्यांनी फोटो परत दिला नाही. खिशात ठेवला.

काल कातेरिनीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून जपायची. किती दिवस जपली जाईल, विचारलं तर डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. थेंब मीच घालते. ते लहान मुलासारखे डोळे मिटून घेतात.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, तिला लिहिते. बाबा म्हणाले, "लिहायचं नाही. कणव येऊन येईल. कणवेनं आलेली पाहुणी मला नको."

मी त्यांचं न ऐकता लिहिते आहे. ते कळलं तर बोलतील, बोलू देत. पण तुला चुकीच्या समजुतीवर आगगाडीत बसवणं मला जमत नाही. नवस तुझ्यासाठी नव्हता. त्यांनी क्षमा केली आहे का, मला ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की त्यांनी विचारलं, कधीपासून. आता यायचं की नाही ते तू ठरव. आली नाहीस तरी मी रागावणार नाही. तशी रागावेन, पण थोडीच.

तुझी आई


लितोहोरो, ४ जुलै १९७३

चि. एफ्थालिया हिस आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. पोस्टमन रोज येतो आणि लांबूनच मान हलवतो. बिचारा आता आमच्या गल्लीतून खाली मान घालून जातो, जणू त्याचाच गुन्हा. तू रागावली असशील तर तुझं बरोबर आहे. पण हे एवढं वाच.

मी बाबांना सांगून टाकलं, की लिहिलं. म्हणाले, "सगळं?" म्हटलं, सगळं. ओरडतील असं वाटलं होतं. "मग आता ती येत नाही," एवढंच म्हणाले आणि चुलीत लाकूड सारलं. चूल आधीच चांगली पेटलेली होती.

खुणा मात्र सणाआधी नीट व्हायला हव्या होत्या. निवाऱ्याच्या मालकानं तोंड बंद ठेवलंय, पण वीस तारखेला पाद्री ख्रिस्तोदुलोस, पावांच्या टोपल्या, म्हाताऱ्या, पोरंटोरं, सगळं गाव वर चढणार. मी म्हटलं, मी रंगवते.

"तू? तू शिडीवर चढलीस की तुला भोवळ येते."

"डोंगर म्हणजे शिडी नाही."

"दिओनिसिओसांच्या मठाच्या वर कधी गेलीयेस?"

"लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तू कधी नेलंस?"

सोमवारी पहाटे निघालो. मारिगो पुढं, तिच्या पाठीवर हात टाकून बाबा, मागं डबा आणि ब्रश घेऊन मी. पोरी, तू आणि बाबा इतकी वर्षं कुठं जात होता ते मला आता कळलं. मी खाली बसून तुमच्या पायमोज्यांना ठिगळं लावत होते. मला वाटायचं, डोंगर म्हणजे दगड. बीचच्या रानात शिरलं की उजेडसुद्धा हिरवा होतो. आपले हात हिरवे दिसतात. पाइन सुरू झाले तिथं एका बुंध्यावर वीज पडून तो वरपासून खालपर्यंत उकलला होता, आणि तरी एका बाजूनं हिरवा. मी थांबून क्रूस केला. वर उघड्या कड्यावर रानबकऱ्या, एक पिलू आईच्या पायाखालून आमच्याकडे टकमक बघत होतं. मी बाबांना सांगितलं. "किती?" म्हणाले. मोजून सांगितलं. "मागच्या साली कमी होत्या," म्हणाले आणि खुशीत चालू लागले.

डोळे नसले तरी त्यांच्या पायांना सगळं दिसतं. "इथं मुळाची पायरी. आता गार वारा लागला ना डाव्या कानाला? म्हणजे चर आली. इथं राळेचा वास संपला की डावीकडे बघ, चपटा दगड असेल." असायचाच. मी रंगवायला लागले की विचारायचे, "काय करतेस?" ठिपका. "तो नको. इथं वाट सरळ आहे, इथं माणूस कशाला बघेल? माणूस जिथं थबकतो तिथं ठिपका हवा. चालत्या माणसाला ठिपक्याचं काय?" आणि मी बेतानं लहान ठिपके काढत होते, तर म्हणाले, "स्वर्गाच्या दाराला रंग द्यायला सांगितला तरी तू अर्धा डबा वाचवून आणशील."

त्या फाट्यावर आलो. डावीकडचा ठिपका त्यांनी मला पुसू दिला नाही. तारेचा ब्रश घेऊन स्वतः गुडघ्यावर बसले आणि दगड पांढरा होईपर्यंत घासला. मध्ये मध्ये विचारत होते, "राहिला का?" शेवटी शेवटी तर राहिला नव्हता तरी मी म्हटलं, थोडा आहे. त्यांना अजून घासायचं होतं ते मला दिसत होतं. मग उजवीकडच्या दगडावर मी रंगवला. त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

निवाऱ्यावर मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा उचलला, पुढं एलियासांच्या देवळाकडे निघायला, तर बाबा बाकावरच बसून राहिले.

"वरचा तुकडा राहू दे."

"का? दमलास?"

"दमलो नाही. वरचे दगड मला ठाऊक नाहीत."

मी बघतच राहिले. म्हटलं, तीस वर्षं जातोयस आणि दगड ठाऊक नाहीत?

"वाट ठाऊक आहे. खुणांचे दगड तिनं निवडलेत. दहा वर्षांची होती तेव्हापासून. पुढं पळायची आणि ओरडायची, 'बाबा, हा! बाबा, हा!' मी नुसता डबा घेऊन मागून जायचो. ती गेल्यापासून मी तिचेच जुने ठिपके गिरवले. यंदा ते मला सापडत नाहीत."

"कोणाचे?" मी मुद्दाम विचारलं.

"मला छळू नकोस, थोमाई."

"नाव घे. नाव घेतल्याशिवाय मी पत्रात काय लिहू? 'तिकडची'ला लिहू?"

निवाऱ्याचा मालक आत भांडी आपटत होता, तो आपटायचा थांबला. बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "एफ्थालियाला लिही. कणव करून येऊ नकोस म्हणावं. काम आहे, म्हणून ये."

मी डब्याचं झाकण लावत होते, मला झाकण दिसेना. इतक्यात म्हणाले, "आणि त्या माणसालाही आण म्हणावं. डबा धरायला कोणीतरी लागेल."

तर पोरी, असं आहे. निवाऱ्यापासून देवळापर्यंत यंदा एकही ताजी खूण नाही, आणि मला कोणी कितीही सांगितलं तरी मी ब्रश हातात धरणार नाही. आम्ही काल खाली आलो. रात्री थेंब घालताना बाबांनी विचारलं, "म्युनिकहून कातेरिनीला गाडी किती वाजता लागते?" मला माहीत नाही. तुला माहीत असेल.

कोणत्या दिवसाच्या कोणत्या गाडीनं निघताय, आणि फोल्करला शुक्रवारचे बिनतेलाचे वाल चालतात की त्याच्यासाठी वेगळं काही शिजवू, एवढं उलट टपाली कळव.

तुझी आई,
थोमाई